बाबालाल मास्तरांवरचे माझे दुसरे पत्रक

मास्तर, तुमच्यावर मी लिहिलेले पहिले पत्रक खोटे होते. हे दुसरे.

पहिल्याच्या खाली नाव नव्हते. 'एक विद्यार्थी' एवढेच छापले होते. तो विद्यार्थी मी, नारायण सखाराम. शिवाजी पेठेतल्या शिंप्याचा मुलगा, मास्तर तयार करणाऱ्या ट्रेनिंग स्कुलात तुमच्या इतिहास-भूगोलाच्या तुकडीत होतो, आता कागलात वरच्या इयत्तांना तेच विषय शिकवतो. हे तुमच्या तोंडावर सांगायला मला दोन वर्षे मिळाली होती. तुम्ही कब्रस्तानात गेल्यावर मला वाचा फुटली. याला काय म्हणायचे ते तुम्ही मोजक्या शब्दांत सांगितले असते. मला फार शब्द लागतात, ही तुमची जुनी तक्रार.

तुम्ही गेल्याचे मला आपल्या तुकडीतल्या शिवाप्पाने कळवले, तोच तो गडहिंग्लजकडचा. तापाने गेले, चार दिवसांत, एवढेच त्याच्या चिठ्ठीत होते. मी मुरगुडात पोचलो तेव्हा माती द्यायची वेळ झाली होती. गाव लोटले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारले, "पावणं, मास्तरचं कोण तुमी?"

"विद्यार्थी."

"मग म्होरं व्हा की. माजा नातूबी त्येंच्याकडंच हाय. अजून रडतोय त्यो, घरात बसून."

त्याने मला पुढे ढकलले आणि तुमच्या घरच्या माणसांबरोबर मी माती दिली. मी त्या म्हाताऱ्याला खोटे सांगितले नव्हते. पण त्याला सगळे ठाऊक असते तर त्याने मला पुढे जाऊ दिले नसते.

मी पत्रकांवर वाढलो. आमच्या दुकानात जे गिऱ्हाईक येई ते कोटाच्या कापडाबरोबर एखादा छापील कागद घेऊन येई. कोणी कोणाला जाब विचारलेला, कोणी कोणाचे ढोंग उघडे केलेले. माझे वडील तो आधी मोठ्याने वाचून घेत आणि मग त्याच कागदातून बाहीचे, गळ्याचे नमुने कापत. मी अक्षरे शिकलो ती त्या कापलेल्या कागदांवर. वाक्य बाहीच्या टोकाला तुटलेले असे आणि पुढचे मी मनाने पुरे करी. बहुतेक वेळा ते मूळ वाक्याहून जहाल होई. घरात कौतुक होई. ही खोड पुढे मला कुठे घेऊन गेली ते खाली येईलच.

महाराजांचा सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम निघाला होता. गावोगाव शाळा निघत होत्या, मास्तर कमी पडत होते. मी ट्रेनिंगला नाव घातले ते मुलांच्या प्रेमाने नव्हे. मला वाटले, मास्तर होणे म्हणजे रोज पन्नास जणांपुढे पत्रक वाचायला मिळणे, आणि उठून जायची कोणाला परवानगी नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही वर्गात आलात तेव्हा मला आधी तुमची बाही दिसली. शिंप्याच्या पोराला तेच दिसायचे. कोटाची डावी बाही कोपरापर्यंत पांढरी झालेली, कारण तुम्ही फळा बाहीने पुसत होता. आणि तुम्ही फळ्यावर काय काढले? बाजार. तुमचे वडील शिकलगार, विळे-कोयत्यांना धार लावत बाजारोबाजार हिंडायचे, आणि लहानपणी तुम्ही त्यांच्या मागे. तुम्ही आम्हाला एकेकाच्या गावचा बाजाराचा वार विचारलात आणि त्या वारांवरून नकाशा मांडत गेलात. आज मुरगुडात, उद्या कापशीत, परवा गारगोटीकडे. डोक्यावर ओझे घेऊन माणूस एका दिवसात जेवढे चालेल तेवढेच अंतर दोन बाजारांत असते, हे त्या फळ्यावर आमचे आम्हालाच दिसले. तासाभरात आमच्या चपलांनी झिजवलेल्या रस्त्यांचा भूगोल झाला. मी त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना म्हणालो, "मास्तर चांगला हाय, पण लई मऊ हाय." इतिहासाला मऊ माणूस चालत नाही, असे माझे मत होते.

आपल्या तुकडीचा रिवाज तुम्हाला सांगायला नको, पण हे इतरही वाचतील. दर आठवड्याला एक टीकापाठ असे. आमच्यातला एकजण शेजारच्या शाळेतल्या खऱ्या मुलांना खरा पाठ देई आणि बाकीचे मागे वह्या घेऊन बसत. मुले गेली की एकेकाने उठून त्या पाठाचे दोष सांगायचे. पाठ देणाऱ्याने फळ्यापाशी उभे राहून ऐकायचे, तोंड उघडायचे नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी. हे दुसऱ्या दिवसाचे तुम्ही घातलेले. "आज दिल्यालं उत्तर रागाचं असतंय," तुम्ही म्हणायचा, "उद्याचं इचाराचं. आन परवापतोर थांबलं तर बऱ्याच जणास्नी उत्तर द्यावंसंच वाटत न्हाई."

माझा पहिला टीकापाठ पन्हाळ्याच्या वेढ्यावर होता. मी आठ दिवस तयारी केली, म्हणजे आठ दिवस भाषण पाठ केले. मुलांपुढे मी तोफा डागल्या, धो धो पाऊस पाडला, दगाबाजांना शिव्या मोजल्या. शेवटी मुलांनी बाकांवर हात आपटून गर्जना केली, शेजारचा वर्ग दारात येऊन उभा राहिला. मला वाटले, किल्ला आपला.

मुले गेली. शिवाप्पा उठला. "पाठ लई भारी झाला. पण पोरांनी काय केलं? ऐकलं. ऐकायला कीर्तन हाय की, त्येला शाळा कशाला?"

दुसरा म्हणाला, "फळ्यावर एक अक्षर न्हाई. खडू घेतलावता हातात, पण तलवारीगत फिरवायला."

सगळे हसले. मी दात आवळून उभा. तुम्ही एका गवंड्याच्या पोराला मागे थांबवून घेतले होते. त्याला विचारले, "पन्हाळा कुठं हाय रं?"

"लई लांब, मास्तर."

"म्हंजे किती?"

"साताऱ्याच्या पल्याड."

तुम्ही टोपी घातली, आणि त्या पोरासकट सगळी तुकडी रंकाळ्याच्या बांधावर नेली. ऊन कलले होते, हवा स्वच्छ होती. तुम्ही बोट दाखवलेत.

"त्यो डोंगूर बगतोस रोज?"

"व्हय. म्हशी धुवाय येतो न्हवं."

"काय म्हणतासा त्येला?"

"डोंगूरच."

"त्यो पन्हाळा."

पोर बराच वेळ बघत राहिले. मग तुमच्याकडे न बघता त्याने विचारले, "इतकं दीस आतली माणसं खात काय हुती मग?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. रिवाजाप्रमाणे मला त्या दिवशी बोलायचे नव्हते, म्हणून मी वाचलो. बोलायची मुभा असती तरी मला सांगता आले नसते. आठ दिवसांच्या तयारीत तो प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. तुमच्या टेबलावर पाठांची वही असे, तिच्यात माझ्या नावापुढे तुम्ही लिहिले, 'पाठ पुन्हा'.

दुसरा पाठही तसाच गेला. पुन्हा 'पाठ पुन्हा'. संध्याकाळी बाहेरगावच्या मुलांच्या बोर्डिंगच्या ओट्यावर बसलो असता कळले की तिथल्या तिघांनाही तसेच लिहिले आहे. तिघेही खेड्यातले, गरिबांचे, बोलीत अडखळणारे. वाड्यांमधून येणाऱ्या, शुद्ध बोलणाऱ्या मुलांचे तर कधी ऐकले नाही की त्यांना पुन्हा पाठ द्यावा लागला. कोणीतरी म्हणाले, "आमास्नीच का?" एवढे मला पुरे होते. कापलेल्या कागदावरचे अर्धे वाक्य समोर होते आणि पुढचे पुरे करायची मला सवय होती.

मी एका बैठकीत पत्रक लिहिले. पेठेतल्या छापखान्याचे तात्या माझ्या वडिलांचे गिऱ्हाईक, त्यांनी ते छापले. बाबालाल मास्तर वरच्यांना खूश ठेवण्यासाठी वाड्यांतल्या मुलांना पुढे काढतात आणि बोर्डिंगातल्या मुलांना नापास करतात, असा त्याचा मजकूर. तो चुकीचा होता. पण चुकीच्या मजकुराची लाज मला आज जेवढी वाटते त्याहून दहापट लाज शेवटच्या एका वाक्याची वाटते. 'ज्याला या मातीचा इतिहास परका, तो आमच्या मुलांना तो काय शिकवणार?' मास्तर, तुमचे वडील या मातीतल्या प्रत्येक गावच्या विळ्याला धार लावून गेले. मी ते वाक्य लिहिले, कारण त्याला पुरावा लागत नव्हता. तुमचे नाव पुरेसे होते. जातीपातीच्या गर्वावर कोरडे ओढणाऱ्या पत्रकांवर वाढलेला मी, माझ्या पहिल्याच पत्रकात हे लिहिले.

पत्रक बाजारात वाटले गेले, आपल्या स्कुलाच्या दाराखालून आत सरकवले गेले. त्या आठवड्यात आम्हाला दाखवायचा नमुन्याचा पाठ तुमचा होता. आम्हाला वाटले, तुम्ही येणार नाही. तुम्ही वेळेवर आलात. आमच्या निम्म्या जणांच्या खिशात पत्रक होते आणि तुम्हाला ते दिसत होते.

तुम्ही मुलांना म्हणालात, आज पेठेचा भूगोल. मुलांनी सांगितल्याप्रमाणे फळ्यावर गल्ल्या काढल्यात, तालीम, देऊळ, मशीद, आड, हौद. मग प्रत्येक मुलाने पुढे येऊन आपल्या घराचा ठिपका द्यायचा आणि घरचे पाणी जिथून येते तिथपर्यंत रेघ ओढायची. फळा रेघांनी भरला. एकेका आडाभोवती रेघांचे जाळे झाले आणि मुलांनाच दिसू लागले की कोणाच्या रेघा कुठे जमतात, कुठे एकही जात नाही. त्या शाळेत महारवाड्यातली दोन मुले होती. त्यातल्या मोठ्याने ठिपका दिला तो फळ्याच्या कडेला. मग रेघ ओढत गेला, आणि फळा संपला. क्षणभर थांबून त्याने ती लाकडी चौकटीवरून पुढे ओढली.

"ह्येचं पाणी फळ्याच्या भायेर गेलं की," एक पोर म्हणाले. वर्ग हसला. मग हळूहळू हसणे थांबले.

तुम्ही विचारलेत, "किती पावलं हाईत रं?"

"मोजली न्हाईत. दोन खेपा केल्या की शाळंला उशीर हुतोय."

तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "पाठ संपला." मुले गेली. चौकटीवरची रेघ तशीच होती.

मग टीका. तुम्ही रिवाजाप्रमाणे फळ्यापाशी हात मागे बांधून उभे राहिलात. कोणी उठेना. मी उठलो. माझा आवाज चढलेला होता, तो टीकेने की भीतीने हे मला तेव्हाही कळले नाही. मी म्हणालो, "मास्तरांनी पोरांना अन्याय दाखवला आणि त्येला अन्याय म्हटलं न्हाई. ज्या पोराची रेघ भायेर गेली त्यो काय घेऊन घरी गेला? मास्तर म्हणून एक शब्द बोलायला पायजे हुता."

तुम्ही सगळे ऐकून घेतलेत. ज्याने तुमच्यावर ते वाक्य छापले तोच तुम्हाला धीर नसल्याचे सांगत होता, आणि तुम्ही त्याच्याकडे नीट लक्ष देऊन बघत होता, जणू तो काही शिकण्याजोगे बोलत होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. "काल नारायण म्हणाला, मी बोलाय पायजे हुतं. मी घरी जाऊन इचार केला. माझं ठरलं न्हाई. बोललो असतो तर ती रेघ माझी झाली असती, त्या पोरांची ऱ्हायली नसती, असं एक वाटतंय. आन न बोलणं म्हंजे भिणंबी असू शकतंय, असं दुसरं वाटतंय. ठरलं की सांगतो." आणि तुम्ही पुढच्या पाठाकडे वळलात. पत्रकाबद्दल तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत, पुढेही कधी बोलला नाहीत.

पत्रकावरून चौकशी निघाली. वरून पाठांची वही मागवली, आणि तिची नक्कल करायचे काम शिवाप्पाकडे आले, त्याचे अक्षर चांगले म्हणून. त्याने मला बोलावून घेतले आणि वही उघडून माझ्यापुढे सरकवली. सगळ्यांच्या नावांपुढे 'पाठ पुन्हा' होते. वाड्यांतल्या मुलांच्याही. एकाला तर चारदा. त्यांची घरे जवळ, म्हणून त्यांचे पुन्हाचे पाठ तुम्ही सकाळी शाळा भरण्याआधी घेत होता. बोर्डिंगातल्या मुलांना सकाळी स्वयंपाकपाणी असते, म्हणून त्यांचे दुपारी, आणि मला सकाळी दुकान, म्हणून माझेही दुपारीच. सकाळचे पुन्हाचे पाठ आम्ही कधी पाहिलेच नव्हते. 'पुन्हा' म्हणजे नापास हे आम्ही आमच्या मनाने ठरवले होते. तुमच्या लेखी तो अजून एकदा वर्गापुढे उभे राहायचा हक्क होता.

"वही रोज हितंच असतीय," शिवाप्पा म्हणाला. "टेबलावर. ना कुलूप, ना काय. ज्येनं कुणी त्ये पत्रक लिवलं त्येनं एकदा तरी उघडायची की, मर्दा."

त्याला ठाऊक होते. त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आम्ही इतिहास शिकवायला शिकत होतो, आणि दहा पावलांवरचा कागद मी पाहिला नव्हता.

मग तिसरा पाठ. तोच वेढा. या वेळी मी मुलांना विचारले, तुमच्या घरात पावसाळ्याच्या चार महिन्यांना काय काय भरून ठेवतात. धान्य, मीठ, जळण, जनावरांची वैरण. मुले भांडू लागली, वैरण आधी की जळण. एकजण म्हणाला, घोडी मारून खाल्ली असतील. दुसरा म्हणाला, मग पळायचं कशावर? तासभर माझा आवाज कोणाला ऐकू आला नाही. वहीत तुम्ही लिहिलेत, 'ठीक'. तुमच्याकडून कोणालाही याहून मोठा शब्द मिळालेला मी पाहिला नाही.

त्याच पाठाचे टाचण तपासताना तुम्ही म्हणाला होतात, "नारायण, तुझी वाक्यं मी कुठंबी वळखीन." तुम्ही टाचणावरची नजर न उचलता पुढे म्हणालात, "वाक्य ठसक्यात आलं की आधी लिवणाराच फसतोय," आणि कागद परत दिलात. मी तो घेतला आणि गेलो. त्या दाराशी मी थांबलो असतो तर हे दुसरे पत्रक लागले नसते.

चौकशीत काही निघाले नाही. तरी वर्ष संपता संपता तुम्ही मुरगुडच्या शाळेत गेलात. मास्तर घडवणारा माणूस पुन्हा साधा मास्तर झाला. तुम्ही सगळ्यांना सांगितलेत की बदली तुम्हीच मागून घेतली. माझ्या पत्रकामुळे तुम्ही गेलात, असे मी इथे लिहीत नाही, कारण माझ्यापाशी तसा पुरावा नाही. त्यामुळे गेला नाहीत, असेही लिहीत नाही, कारण त्याचाही नाही. पूर्वीचा मी असतो तर यातले एक ठोकून दिले असते. हे एवढे तुमच्याकडून शिकलो.

तुम्ही असताना मुरगुडात मी एकदाच आलो. कबूल करायलाच आलो होतो. तुमच्या वर्गात मागे जाऊन बसलो. तुम्ही बाजारांचा नकाशा काढत होता आणि बाही तशीच पांढरी होती. दुपारी घरी नेलेत. तुमच्या घरच्यांनी भाकरी आणि आमटी वाढली, आणि तुम्ही मिश्कीलपणे म्हणालात, "खातोस की न्हाई आमच्यातलं? का पत्रकात लिवायपुरतंच?"

कोणते पत्रक ते तुम्ही म्हणाला नाहीत. माझी जातिभेदावरची पत्रके तोवर छापून आली होती, नावासकट. मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

परतताना तुम्ही वेशीपर्यंत पोचवायला आलात. मी म्हणालो, "मास्तर, पाणवठ्याच्या पाठाचं उत्तर ऱ्हायलंय."

"ठाऊक हाय. आता थोडं ठरलंय. मी बोलायचं का न्हाई ह्येच्यावरच आपुण दोघं भांडत बसलो. त्या पोराला मी इचारलंच न्हाई, तुला काय म्हणायचंय. त्ये इचारायला पायजे हुतं."

"म्हणजे मी बरोबर हुतो."

"कशानं? तूबी इचारलं न्हाईस."

मी सोडले नाही. म्हणालो, चाळीस पोरांपुढे त्याला उभे करून विचारणे हाही जुलूमच, बोलायचे ओझे पुन्हा त्याच्याच डोक्यावर, मोठी माणसे मोकळी. तुम्ही थांबलात. डोके खाजवलेत. "व्हय, त्येबी हाय," म्हणालात. "पुढच्या खेपंला ये. भांडू."

मी कागलला परत आलो, जे सांगायला गेलो होतो ते न सांगता, आणि फार आनंदात. मास्तरांना निरुत्तर केले म्हणून.

तुम्हाला माती देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सहावीच्या वर्गात ते जुने पत्रक घेऊन गेलो. कोणी लिहिले ते सांगितले नाही. म्हणालो, हा एक जुना कागद आहे, वाचा आणि खरा की खोटा ते सांगा. मुल्लाण्याचा हुसेन चांगले वाचतो, म्हणून त्याला वाचायला दिले.

"खाली नाव न्हाई, गुरुजी," एकजण म्हणाला.

"भ्याला आसंल."

"कुणाला नापास केलं त्येंची नावं कुठं हाईत? नुसतं बोर्डिंगातली पोरं, बोर्डिंगातली पोरं."

"ह्येनं मार्कांची वही बगितल्याली का?"

"तसं लिवलं न्हाई."

"मग ह्या गावगप्पा हाईत की."

मला तुमची आठवण येऊन अभिमान वाटू लागला होता. तेवढ्यात हुसेन शेवटच्या वाक्याशी आला. 'ज्याला या मातीचा' इथपर्यंत वाचले आणि थांबला. पुढचे त्याने डोळ्यांनी वाचले होते. त्याने कागद खाली ठेवला आणि बाकाकडे बघत उभा राहिला. मी हे आधी ओळखायला हवे होते. या पाठालाही तुम्ही 'पुन्हा' लिहिले असते. मी जाऊन तो कागद उचलला, उरलेले वाक्य स्वतः मोठ्याने वाचले आणि सांगितले की हे मी लिहिले आहे, ज्यांच्यावर लिहिले ते माझे मास्तर होते आणि काल मी त्यांना माती देऊन आलो.

वर्गात तीन मुली आहेत. त्यातली कुंभाराची गंगू, जी एरवी बोलत नाही, तिने विचारले, "त्ये मास्तर रागावलं न्हाईत?"

"न्हाई."

"तुमीच लिवलं त्ये त्यास्नी ठाऊक हुतं?"

"ते मला ठाऊक न्हाई."

"मग इचारलं का न्हाईसा?"

इथवरचे सगळे लिहून मी तात्यांच्या छापखान्यात नेले. त्यांनी चष्मा लावून दोन पाने वाचली आणि कागद परत माझ्याकडे ढकलले.

"मेल्या माणसाला काय फरक पडतोय ह्येचा? उद्या आपल्यावर टपलेली माणसं ह्ये कागद घिऊन नाचतील. म्हणतील, ह्येंची सगळी पत्रकं अशीच. आपल्याच हातानं आपलं दात पाडून घ्याचं?"

मी म्हणालो, "त्या शेवटच्या वाक्यावर आपली माणसं नाचली हुती तेव्हा तुम्ही हसला हुता, तात्या."

ते म्हणाले, "त्या वाक्याचं खिळं मीच जुळिवलं हुतं. एकेक अक्षर उचलून. मला वाचाय येत न्हवतं असं न्हाई." आणि त्यांनी कागद पुन्हा ओढून घेतले. छापखान्याचे नावही खाली घालणार, असे त्यांनीच सांगितले.

जुळवता जुळवता ते गंगूपाशी आले आणि थांबले. "पोरीला उत्तर दिल्यालं न्हाईस की ह्येच्यात."

"सुचलं न्हाई."

"मग सुचव. तवर मी थांबतो."

म्हणून हे शेवटचे इथे उभ्यानेच लिहितो. गंगू, आणि मास्तर, मी विचारले नाही, कारण मला वाटत होते की ते मला माफ करतील. याला पुरावा नाही, पण मला तसे वाटत होते आणि त्याचीच भीती होती. माफी मिळालेला माणूस मान खाली घालून बसतो. त्याला फळ्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांना तोंडावर 'तुमचे इथे चुकले' म्हणता येत नाही. मला ते म्हणायचे होते, दर खेपेला म्हणायचे होते, आणि ते ऐकून घेणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. तेवढ्यासाठी मी दोन वर्षे गप्प राहिलो.

पाणवठ्याच्या पाठात तुमचे चुकले, मास्तर. मी अजूनही तसेच म्हणतो. पण आता दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येणारे कोणी नाही.